फौजदारी अपील मागे घ्यायचे आहे? सही करण्याआधी आणि केल्यानंतर काय करायचे

“साहेब, अपील काढून घ्यायचंय. पोरगं म्हणतंय, आता नको ते.”

विधी सेवेच्या खोलीत समोर बसलेल्या बाईंच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. आत निकालाची नक्कल, जामीन नामंजूर झाल्याचा आदेश आणि रेशनकार्डाची झेरॉक्स. मुलगा शिक्षा भोगत होता, अपील सत्र न्यायालयात पडून होते. कारण विचारले तर म्हणाल्या, “आत कुणीतरी सांगितलंय, अपील असलं की रजा मिळत नाही. त्याच्या बहिणीचं लग्न आहे ना.” म्हणजे त्या मुलाला बहिणीच्या लग्नाला यायचे होते. अपील नको, असे त्याला मुळात वाटतच नव्हते. बहिणीच्या लग्नासाठी तातडीची अभिवचन रजा (पॅरोल) मागता येते. तिचा अर्ज वेगळा आणि तो तुरुंग अधीक्षकांकडे करायचा. त्या दिवशी आम्ही तो अर्ज लिहिला आणि अपील जिथे होते तिथेच राहू दिले.

अपील मागे घ्यायला माझा विरोध नाही. काही प्रकरणांत तेच शहाणपणाचे असते. पण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना खरे तर दुसरेच काही हवे असते: रजा, जामीन, तडजोड, लवकर सुनावणी, कमी शिक्षा. यातल्या प्रत्येकासाठी वेगळा अर्ज असतो. तो राहून जातो, अपील मात्र हातचे जाते. म्हणून आधी कारण तपासायचे, मग हिशेब करायचा आणि अर्ज शेवटी. खालची माहिती मुख्यतः महाराष्ट्रातल्या न्यायालयांसाठी आहे, कायदा मात्र देशभर तोच.

मागे घेणे म्हणजे नेमके काय

आपल्याकडे ‘केस मागे घेणे’ या एकाच शब्दात चार वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. फिर्यादीने समन्स खटल्यातली तक्रार मागे घेणे ही एक. सरकारी वकिलाने खटल्यातून माघार घेणे ही दुसरी, आणि ती खालच्या कोर्टाचा निकाल लागण्याआधीच होऊ शकते. दोन्ही बाजूंनी तडजोड करून गुन्हा मिटवणे ही तिसरी. शिक्षा झालेल्या माणसाने स्वतः केलेले अपील स्वतःहून सोडणे ही चौथी, आणि हा लेख तिच्याविषयी आहे. पहिल्या तिन्हींत आरोपीच्या डोक्यावरचा ठपका जाऊ शकतो. चौथीत तो कायम होतो. हा फरक घरातल्या सगळ्यांना समजला पाहिजे, कारण “अपील काढलं म्हणजे केस मिटली” असे समजून पेढे वाटलेली माणसे मी पाहिली आहेत.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. अपिलाची कलमे तिच्यात ४१३ ते ४३५ आहेत, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती ३७२ ते ३९४ होती. त्या दिवशी जी अपिले प्रलंबित होती ती जुन्या संहितेप्रमाणेच चालतात. खाली मी नवे कलम देऊन कंसात जुने दिले आहे.

या दोन्ही संहितांमध्ये अपील मागे घेण्यासाठी स्वतंत्र कलम नाही. दिवाणी दाव्यात आदेश २३ आहे, ‘पुन्हा दावा लावण्याच्या मुभेसह’ माघार घेता येते. फौजदारीत तशी सोय लिहिलेली नाही. त्यामुळे अपील मागे घेणे हा तुमचा हक्क म्हणून मांडता येत नाही, न्यायालयाला विनंती करावी लागते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बनी सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात सांगितले आहे की दाखल करून घेतलेले, म्हणजे प्राथमिक पाहणीनंतर सुनावणीसाठी स्वीकारलेले, फौजदारी अपील केवळ कोणी हजर नाही म्हणून फेटाळता येत नाही. रेकॉर्ड पाहून, गुणदोषांवरच ते निकाली काढले पाहिजे. तो निकाल गैरहजेरीबद्दलचा असला तरी त्याचा परिणाम माघारीच्या अर्जावरही दिसतो. काही न्यायाधीश ‘मागे घेतल्याने निकाली’ असा दोन ओळींचा आदेश करतात. काही जण रेकॉर्ड चाळतात, वकिलाला दोन प्रश्न विचारतात आणि दोषसिद्धीत उघड चूक दिसत नाही ना, हे पाहूनच परवानगी देतात. अपील अजून दाखल करून घेतलेले नसेल, तर परवानगी तुलनेने सहज मिळते.

आधी कारण तपासा

एका कागदावर लिहा: अपील मागे घेतल्याने मला नक्की काय मिळणार? एका वाक्यात उत्तर लिहिता आले नाही, तर थांबा.

*तडजोड झाली आहे.* सगळ्यात जास्त नुकसान इथे होते. चेक न वटल्याच्या खटल्यात, म्हणजे परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली, शिक्षा झाली, अपील केले, मग पैसे देऊन समेट झाला. फिर्यादी म्हणतो, “आता मिटलंय, अपील काढून टाका.” काढू नका! अपील मागे घेतले की शिक्षा आणि दोषसिद्धी दोन्ही जागच्या जागी राहतात. पैसेही गेले आणि ठपकाही राहिला. त्याऐवजी अपील जिवंत ठेवून त्याच न्यायालयात तडजोडीचा अर्ज द्यायचा. कलम १४७ प्रमाणे हा गुन्हा मिटवता येतो, आणि मिटवलेल्या गुन्ह्याचा परिणाम निर्दोष सुटकेचा असतो. इतर गुन्ह्यांत कलम ३५९ (जुने ३२०) मधली यादी पाहा. शिक्षेनंतर अपील प्रलंबित असताना तडजोड करायची तर अपील न्यायालयाची परवानगी लागते, म्हणजे अपील हातात असणे हीच तुमची गरज आहे. चेकच्या तडजोडीवर न्यायालय खर्च लावू शकते. २०१० च्या दामोदर प्रभू प्रकरणातल्या मार्गदर्शक सूचनांत सत्र किंवा उच्च न्यायालयाच्या टप्प्यावर तो चेकच्या रकमेच्या १५ टक्के होता. २०२५ मध्ये गोव्यातून गेलेल्या संजाबिज तारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो साडेसात टक्क्यांवर आणला. दोन लाखांच्या चेकवर पंधरा हजार रुपये. दोषसिद्धी पुसली जाण्यासाठी मला ही रक्कम मोठी वाटत नाही.

*सुनावणीच होत नाही, कंटाळा आला.* हे दुःख खरे आहे. उच्च न्यायालयात जन्मठेपेची अपिले वर्षानुवर्षे बोर्डावर येत नाहीत. पण त्यावर उपाय दोन: लवकर सुनावणीचा अर्ज, आणि शिक्षा स्थगित करून जामिनाचा अर्ज, कलम ४३० (जुने ३८९) खाली. जामीन एकदा नाकारला गेला म्हणून कायमचा गेला असे नसते. आणखी काळ आत गेला हे स्वतःच नवे कारण असते. २०२२ मध्ये सोनाधर विरुद्ध छत्तीसगड राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जन्मठेपेच्या ज्या कैद्यांनी दहा वर्षे भोगली आहेत आणि ज्यांचे अपील नजीकच्या काळात ऐकले जाण्याची शक्यता नाही, त्यांना विशेष प्रतिकूल कारण नसेल तर जामीन मिळावा. अशा स्थितीत अपील मागे घेणे म्हणजे जामिनाचा पायाच काढून घेणे.

*संचित रजा (फर्लो) किंवा मुदतपूर्व सुटका अडली आहे.* तुरुंगात याबद्दल ऐकीव माहिती फार फिरते. महाराष्ट्रात संचित रजा आणि अभिवचन रजा १९५९ च्या नियमांनी चालतात आणि त्या नियमांत अनेकदा दुरुस्त्या झाल्या आहेत. म्हणून तुरुंग कार्यालयाकडून लेखी घ्या: अर्ज कोणत्या नियमाच्या कोणत्या पोटकलमाखाली नामंजूर झाला? ‘अपील प्रलंबित’ हेच एकमेव कारण लिहून आले असेल, तर त्या आदेशाला उच्च न्यायालयात आव्हान देता येते. तेव्हाही घाई नको, आधी त्या कागदासह वकिलाला भेटा.

दयेच्या अर्जाबाबत मुंबईतलेच एक गाजलेले प्रकरण आहे. नौदलातले कमांडर नानावटी यांना खुनाच्या खटल्यात उच्च न्यायालयाने ११ मार्च १९६० रोजी जन्मठेप दिली आणि त्याच दिवशी राज्यपालांनी सर्वोच्च न्यायालयातल्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा स्थगित केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की प्रकरण आपल्यापुढे असताना त्या काळापुरती शिक्षा स्थगित करण्याचा अधिकार राज्यपालांना वापरता येणार नाही. नोव्हेंबर १९६१ मध्ये अपील फेटाळले गेले आणि माफी मिळाली ती १९६४ मध्ये. आजही मुदतपूर्व सुटकेचा प्रस्ताव तयार होताना ‘अपिलाची सद्यःस्थिती’ विचारली जाते. त्यामुळे चौदा वर्षे प्रत्यक्ष भोगून झालेल्या, सुटकेचा प्रस्ताव तयार असलेल्या आणि अपिलात फारसा दम नसलेल्या जन्मठेपेच्या बंद्याने अपील सोडण्याचा विचार करणे मला समजू शकते. चौथ्या वर्षाला तेच करणारा बंदी हातातली एकमेव दोरी सोडतो.

*शिक्षा वाढेल अशी भीती.* ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. दोषसिद्धीविरुद्ध आरोपीने केलेल्या अपिलात न्यायालयाला शिक्षा वाढवता येत नाही, हे कलम ४२७ (जुने ३८६) मध्येच आहे. २०२५ च्या नागराजन विरुद्ध तामिळनाडू राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की आरोपी स्वतःच्या अपिलामुळे आधीपेक्षा वाईट अवस्थेत जाऊ शकत नाही. शासनाने शिक्षा वाढवण्यासाठी कलम ४१८ (जुने ३७७) खाली वेगळे अपील केले असेल तर गोष्ट निराळी. पण मग तुमचे अपील मागे घेऊन काहीच साधत नाही, कारण शासनाचे अपील चालूच राहते. पीडित व्यक्तीनेही कमी गंभीर कलम लावले किंवा भरपाई कमी दिली म्हणून अपील केले असेल, तर तेही चालू राहते. म्हणून अर्ज करण्याआधी ई-कोर्ट्सच्या ॲपवर पक्षकाराचे नाव आणि सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकून पाहा की त्याच खटल्यातून दुसरे कोणते अपील उभे आहे का.

*वकिलाला द्यायला पैसे नाहीत.* हे कारण ऐकले की मला वाईट वाटते, कारण यावर उपाय फुकट आहे. कोठडीत असलेली व्यक्ती, स्त्री, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, आणि १५१०० हा क्रमांक देशभर चालतो.

*दोष मान्य आहे, पण शिक्षा जास्त वाटते.* तर अपील मागे न घेता युक्तिवाद फक्त शिक्षेपुरता ठेवा. वकील सांगतो की दोषसिद्धीवर आग्रह नाही, भोगलेली शिक्षा पुरेशी मानावी. पहिला गुन्हा, वय, आजारपण, घरची जबाबदारी हे सारे तिथे मांडता येते. योग्य गुन्ह्यांत अपील न्यायालय १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाखाली परिवीक्षेवरही (प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर) सोडू शकते, आणि त्या कायद्याचे कलम १२ सांगते की अशा दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता त्या माणसाला लागत नाही. सरकारी नोकरीतल्या किंवा नोकरीच्या तयारीतल्या मुलासाठी ही एक ओळ आयुष्य बदलणारी असू शकते.

हिशेब मांडा

कारण टिकले तर आता आकडे. तुरुंगाच्या न्यायिक विभागाकडून शिक्षेचा तपशील मागवा: अटकेची तारीख, न्यायाधीन म्हणून (खटला चालू असताना) काढलेले दिवस, शिक्षेनंतरचे दिवस, मिळालेली माफी (तुरुंगाने शिक्षेतून कमी केलेले दिवस), दंड भरला की नाही.

समजा शिक्षा तीन वर्षे सक्तमजुरी आणि पाच हजार दंड, दंड न भरल्यास तीन महिने. खटला चालू असताना चौदा महिने आत, शिक्षेनंतर पाच महिने आत, मग जामीन. एकूण एकोणीस महिने झाले. कलम ४६८ (जुने ४२८) प्रमाणे खटल्यादरम्यानचे दिवस वजा होतात, म्हणजे उरले सतरा महिने. पण दंडाबदलच्या तीन महिन्यांतून ती वजावट होत नाही. दंड भरला नसेल तर उरले वीस. माफीचे दिवस यातून कमी होतील, पण तो आकडा तुरुंगच देईल, अंदाजाने धरू नका. जामिनावर बाहेर असलेल्याने अपील मागे घेतले की त्याला हे सतरा किंवा वीस महिने भोगायला परत जावे लागते. हे कुणी नीट सांगितलेले नसते आणि आदेशानंतर घरी पोलीस आले की घरचे हादरतात.

याच टेबलावर आणखी एक गोष्ट पाहा. त्या माणसाला दुसऱ्या खटल्यातही शिक्षा आहे का? कलम ४६७ (जुने ४२७) नुसार आधीची शिक्षा चालू असताना दुसरी झाली, तर न्यायालयाने एकत्र भोगण्याचा आदेश दिला नसेल तेव्हा दुसरी शिक्षा पहिली संपल्यावर सुरू होते. एकत्र भोगण्याची मागणी अपिलात करता येते. ती न करता अपील सोडले, तर कित्येक वर्षांचा फरक पडू शकतो.

शिक्षा पूर्ण भोगून झाली असेल तर? मग लोक म्हणतात, आता अपिलाचा काय उपयोग. उपयोग ठपका पुसण्याचा असतो. दोन वर्षांहून कमी नाही इतकी शिक्षा झाली तर सुटकेनंतरही सहा वर्षे निवडणूक लढवता येत नाही. नैतिक अधःपाताच्या गुन्ह्यात दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली असेल तर त्यानंतर पाच वर्षे पासपोर्ट नाकारला जाऊ शकतो. सरकारी नोकरी, निवृत्तिवेतन, चारित्र्य पडताळणी, शस्त्र परवाना या सगळ्यांत दोषसिद्धी विचारली जाते. साठीच्या शेतमजुराला यातले काहीच लागू नसेल आणि त्याला तारखांचा जाच नको असेल, तर त्याचा निर्णय मी मान देऊन स्वीकारतो. पंचविशीतल्या मुलाला मात्र मी दोनदा विचारायला सांगतो.

दोन अपिले असतील तर फार जपून

हे नेहमी घडते. बंद्याने तुरुंगातून अपील पाठवलेले असते, कलम ४२४ (जुने ३८३) खाली. इकडे घरच्यांनी वकील लावून दुसरे दाखल केलेले असते. मग एक मागे घ्यायचे ठरते. अर्जात ‘अपील मागे घेत आहे’ इतकेच लिहिले आणि दुसऱ्याचा उल्लेख राहिला, तर पुढे दोषसिद्धी अंतिम झाल्याचा मुद्दा उभा राहू शकतो. म्हणून स्पष्ट लिहा: ‘याच निकालाविरुद्ध अपीलकर्त्याचे फौजदारी अपील क्रमांक अमुक प्रलंबित असून ते चालवायचे आहे. केवळ दुबार झालेले हे अपील मागे घेण्यात येत आहे.’ तुरुंगातून आलेले अपील प्राथमिक टप्प्यावरच फेटाळले गेले आणि वकिलामार्फतचे विचारातच आले नाही, तर न्यायासाठी गरज असल्यास ते ऐकण्याची मुभा कलम ४२५ (जुने ३८४) मध्ये आहे. पण त्या मुभेवर विसंबून राहण्याची वेळ येऊ देऊ नका.

फाशीच्या प्रकरणात वेगळेच आहे. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. बंद्याने अपील सोडले तरी कायम करण्याचे प्रकरण उच्च न्यायालयाला पूर्ण तपासावेच लागते.

अर्ज कसा करायचा

अर्ज कुठे करायचा, तर अपील जिथे आहे तिथेच. दंडाधिकाऱ्याच्या शिक्षेविरुद्धचे अपील सत्र न्यायालयात असते. सत्र न्यायालयाने दिलेल्या शिक्षेविरुद्धचे उच्च न्यायालयात, म्हणजे मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा गोव्यात. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची प्रकरणे ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत. जुने अपील आता नेमके कुठे आहे ते आधी ऑनलाइन पाहून घ्या.

सत्र न्यायालयात काही वकील नुसती पुरसीस देतात. पुरसीस म्हणजे एका परिच्छेदाचे लेखी निवेदन. माझे मत असे की पुरसीसवर भागवू नये, सविस्तर अर्ज आणि सोबत अपीलकर्त्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे. वकीलपत्रात ‘अपील मागे घेण्याचा अधिकार’ छापलेला असतो खरा, पण माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असताना त्या छापील ओळीवर कुणी जाऊ नये. मराठीतला नमुना साधारण असा:

मे. सत्र न्यायालय, …………… यांचे समोर
फौजदारी अपील क्रमांक …… / ……
…………… अपीलकर्ता, विरुद्ध, महाराष्ट्र शासन, उत्तरवादी
अपील मागे घेण्याच्या परवानगीसाठी अर्ज

अपीलकर्त्यातर्फे नम्र अर्ज असा की,
१) मे. …… न्यायालयाने खटला क्रमांक …… मध्ये दिनांक …… रोजी अपीलकर्त्यास कलम …… खाली दोषी ठरवून …… शिक्षा व रुपये …… दंड, दंड न भरल्यास …… अशी शिक्षा दिली आहे.
२) अपीलकर्ता सध्या …… कारागृहात आहे / दिनांक …… च्या आदेशाने जामिनावर आहे. आजवर …… वर्षे …… महिने …… दिवस शिक्षा भोगून झाली आहे. दंड भरला आहे / नाही.
३) अपीलकर्ता सदर अपील स्वेच्छेने, कोणाच्याही दबावाशिवाय, धमकीशिवाय वा आमिषाशिवाय मागे घेऊ इच्छितो. त्याचे कारण असे की ……
४) अपील मागे घेतल्याने दोषसिद्धी व शिक्षा कायम होईल, उर्वरित शिक्षा भोगावी लागेल आणि हेच अपील पुन्हा दाखल करता येणार नाही, हे अपीलकर्त्यास मराठीत वाचून व समजावून सांगण्यात आले असून त्यास ते समजले आहे.
५) याच निकालाविरुद्ध अपीलकर्त्याचे / शासनाचे / पीडित व्यक्तीचे अन्य अपील …… प्रलंबित आहे / नाही.
सबब, अपील मागे घेण्यास परवानगी मिळावी व हजर होण्यासाठी …… आठवड्यांची मुदत मिळावी, ही विनंती.

मुद्दा ४ शब्दशः ठेवा. पुढे कधी वाद झाला तर न्यायालय तिथेच बोट ठेवते. आणि मुद्दा ३ मधले कारण खरे लिहा. ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहिले की न्यायाधीशांच्या मनात शंका येते, आणि यावीच.

बंदी आत असेल तर अर्ज आणि प्रतिज्ञापत्रावर त्याची सही किंवा अंगठा तुरुंगाधिकाऱ्यासमोर व्हावा, त्यांचा शिक्का आणि ‘माझ्यासमोर सही केली’ असा शेरा असावा. वकिलाने स्वतः मुलाखतीला जाऊन, बरॅकीतल्या इतरांपासून बाजूला बसवून त्याच्याशी बोलावे. मी स्वतः एक प्रश्न नेहमी विचारतो: “हे तुला कुणी सुचवलं?” उत्तर ‘सहआरोपी’ असे आले की मी तो अर्ज त्या दिवशी घेत नाही. एकाने अपील सोडावे म्हणजे सगळा दोष त्याच्यावर ढकलता येईल, असा हिशेब बाहेर कुणीतरी केलेला असू शकतो.

उच्च न्यायालयात कागद इंग्रजीत जातात. मग मराठी भाषांतर वाचून दाखवले आणि समजले, असा शेरा भाषांतर करणाऱ्याच्या सहीसह जोडावा. अर्जाची एक प्रत सरकारी वकिलांना द्यायची आणि मूळ अर्जावर पोहोच घ्यायची. पीडित व्यक्ती पक्षकार असेल तर तिलाही.

सुनावणीच्या दिवशी

बाहेर असलेल्या अपीलकर्त्याने स्वतः हजर राहावे. आधारकार्ड जवळ असावे. आतल्या बंद्याला न्यायालय व्हिडिओ कॉन्फरन्सवर बोलावू शकते. प्रश्न साधे असतात: अपील कशाचे आहे? मागे घेतले तर काय होईल? कुणी सांगितले? उत्तरे पाठ करून घेऊ नका. गडबडला तर न्यायाधीश तारीख देतील, त्यात वाईट काही नाही. त्या टप्प्यावर मन बदलले तर तसे मोकळेपणाने सांगावे. आदेश होईपर्यंत अर्ज परत घेता येतो. आदेशानंतर तसे नाही. सहीशिक्क्याचा अंतिम आदेश त्याच न्यायालयाला बदलता येत नाही, कलम ४०३ (जुने ३६२) आड येते. नवे अपील करायला मुदतही संपलेली असते, सत्र न्यायालयासाठी तीस दिवस आणि उच्च न्यायालयासाठी साठ. फसवून सही घेतली, बंद्याला न सांगताच वकिलाने माघार घेतली, असे काही पुराव्याने दाखवता आले तरच वरच्या न्यायालयात दाद मागण्याला अर्थ उरतो.

आदेशानंतर

त्याच आठवड्यात नक्कल विभागात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. किमान तीन प्रती घ्या: तुरुंगासाठी, खालच्या न्यायालयासाठी आणि घरी ठेवायला.

जामिनावर असलेल्याने दिलेल्या मुदतीत खालच्या न्यायालयात हजर व्हायचे. सोबत वकील, आदेशाची प्रत, ओळखपत्र, चालू औषधे आणि त्यांची चिठ्ठी. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर तसा अर्ज त्याच वेळी द्या म्हणजे तो शिक्षेच्या वॉरंटसोबत तुरुंगाच्या डॉक्टरपर्यंत जातो. मुदत चुकली तर अजामीनपात्र वॉरंट निघते आणि जामीनदाराची रक्कम जप्त होण्याची वेळ येते. तो जामीनदार बहुधा मामा, मेहुणा किंवा शेजारी असतो आणि त्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढलेला असतो. म्हणून हजर झाल्याबरोबर त्याला मोकळे करण्याचा अर्ज द्या आणि बोजा कमी करण्याचा आदेश तलाठ्याकडे पोहोचवा.

दंड भरायचा राहिला असेल तर तो भरून पावती तुरुंगात पाठवा, नाहीतर बदली शिक्षेचे महिने उगाच भोगले जातात. दंडातून फिर्यादीला भरपाई द्यायची असेल, तर ती अपील निकाली निघेपर्यंत थांबलेली असते. ती आता मोकळी होते. जप्त मुद्देमालाचेही तसेच. मोटारसायकल, मोबाइल, दागिने परत देण्याचा आदेश खालच्या निकालात असूनही अपिलामुळे तो अडलेला असतो. अपील संपल्याची प्रत जोडून मुद्देमालासाठी लगेच अर्ज करा, कारण पोलीस ठाण्याच्या आवारात पावसात उभी असलेली गाडी तुमच्यासाठी थांबत नाही.